काठ राहिला, तर ऊद राहील



आज ज्याच्याविषयी बोलणार आहे त्याला आपल्या मराठीत दोन-तीन नावं आहेत, तरी त्याची ओळख मात्र फार थोड्यांना आहे. त्याचं नाव ऊद. कुणी त्याला पाणमांजर म्हणतं, कुणी जळमांजर. ऊद म्हटलं की आमच्यासारख्यांच्या घरात आधी आठवतो तो संध्याकाळी निखाऱ्यावर टाकायचा ऊद, त्याचा धूर आणि त्याचा वास. तो शब्द अरबीतून आला. नदीतला ऊद मात्र संस्कृतातल्या 'उद्र' या शब्दातून आला. इंग्रजीतला 'ऑटर' हा त्याचाच दूरचा चुलतभाऊ, असं भाषेचे जाणकार सांगतात. दोन वेगळ्या मुलखांतून निघालेले दोन शब्द चालत चालत मराठीच्या एकाच ओसरीवर येऊन बसले. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला अशा भेटींचं अप्रूप वाटतं.

पुष्कळ जण ऊद आणि उदमांजर यांत गल्लत करतात. रात्री कौलांवरून पळणारं, फणसावर ताव मारणारं ते उदमांजर. त्याचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. आपला ऊद पाण्यातला. गंमत अशी, की आपण त्याला मांजर म्हणतो, तर तमिळ आणि कन्नड माणसं त्याला 'पाण्यातला कुत्रा' म्हणतात. श्रीलंकेत सिंहली भाषेतही तसंच. तो बिचारा ना मांजर, ना कुत्रा.

भारतात ऊदाच्या तीन जाती आहेत. कोकणातल्या खाड्यांत, विदर्भातल्या नद्यांत आणि एकूण देशाच्या सपाटीवरच्या पाण्यात दिसतो तो गुळगुळीत कातडीचा ऊद. वजन साधारण सात ते अकरा किलो, शेपूट धरून लांबी एक मीटरच्या वर. हा कुटुंबवत्सल प्राणी. आई-बाप आणि पोरं मिळून शिकार करतात आणि मिळूनच वाळूत लोळतात. दुसरा, छोट्या नखांचा ऊद. जगातल्या सगळ्या ऊदांमध्ये हा सर्वांत लहान, जेमतेम तीन किलोचा. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत तो राहतो. हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्येकडेही आहे. याची नखं अगदी नावापुरती, पण बोटं मोठी कसबी. दगडाखाली हात घालून, चाचपून तो खेकडा बाहेर काढतो. तिसरा युरेशियन ऊद. तो हिमालयात आणि दक्षिणेच्या डोंगरांत होताच, पण मध्य भारतात तो आहे याचा छायाचित्राचा पुरावा २०१६ साली मिळाला, मध्य प्रदेशातल्या सातपुड्याच्या आणि कान्हा-पेंचच्या जंगलपट्ट्यात.

पाण्यात राहायचं म्हणजे थंडी आली. ऊदाच्या अंगावर देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो. त्याला ऊब मिळते ती दाट, दुहेरी केसांची. आणि हीच त्याच्या जिवावर उठलेली गोष्ट. २००३ च्या ऑक्टोबरात तिबेटमध्ये चोरट्या कातड्यांचा एक साठा पकडला गेला. त्यात वाघांची ३१ कातडी होती, बिबट्यांची ५८१ आणि ऊदांची ७७८. वाघाच्या कातड्यांची बातमी जगभर झाली. सातशे अठ्ठ्याहत्तरांविषयी कोण बोलणार? पुढे २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेत गुळगुळीत कातडीचा आणि छोट्या नखांचा, अशा दोन्ही ऊदांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली. चांगलं झालं. पण बंदीनं कातडं वाचतं, घर वाचत नाही. आज मला बोलायचं आहे ते त्याच्या घराविषयी.

पाली भाषेतल्या जातककथांमध्ये दोन ऊदांची एक गोष्ट आहे. एकाचं नाव गंभीरचारी, म्हणजे खोल पाण्यात फिरणारा. दुसऱ्याचं अनुतीरचारी, म्हणजे काठाकाठानं फिरणारा. खोल पाण्यातल्यानं एक भला मोठा रोहित मासा शेपटाला धरला. मासा जोरकस, तो ऊदालाच ओढून नेऊ लागला. त्यानं काठावरच्या मित्राला हाक मारली. दोघांनी मिळून मासा बाहेर काढला आणि मग वाटणीवरून भांडण जुंपलं. तेवढ्यात एक कोल्हा आला. दोघांनी त्यालाच न्यायाधीश केलं. कोल्ह्यानं निवाडा दिला: शेपूट काठावरच्याला, डोकं खोल पाण्यातल्याला आणि मधला तुकडा न्याय करणाऱ्याला.

या गोष्टीचं तात्पर्य शाळेतलं पोरही सांगेल. मला मात्र त्या दोन नावांनी धरून ठेवलं. ती गोष्ट रचणाऱ्यानं ऊद नुसता ऐकलेला नव्हता, पाहिलेला होता. कारण ऊदाचं आयुष्य या दोनच गोष्टींवर चालतं, खोल पाणी आणि काठ. आपण म्हणतो, ऊद नदीत राहतो. खरं म्हणजे तो नदीत जेवतो आणि राहतो काठावर. त्याचं बीळ काठावर. मोठ्या झाडाच्या मुळांच्या पोकळीत, दरडीच्या खडकांत, केवड्याच्या जाळीत. पिल्लं तिथेच जन्मतात. अंग वाळवायला त्याला वाळू लागते, गवत लागतं. इतकंच काय, त्याची टपालपेटीसुद्धा काठावर असते. ठरलेल्या खडकांवर ऊद विष्ठा टाकतात, तिच्यात माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असतात. त्या वासावरून दुसऱ्या ऊदाला कळतं, इथे कोण राहतं, कोण येऊन गेलं. ऊदाचा अभ्यास करणारी माणसंही ऊद पाहत नाहीत, तो क्वचितच दिसतो. ती खडकाखडकावर ही टपाल वाचत हिंडतात.

आता हा काठ कुणाच्या मालकीचा? नदीचा उगम जंगलात असेल, तिथे अभयारण्य असेल, पहारा असेल. पण पाणी काही अभयारण्याच्या पाटीपाशी थांबत नाही. ते खाली उतरतं, चहा-कॉफीच्या मळ्यांतून, सुपारीच्या बागांतून, भाताच्या खाचरांतून जातं. वाघासाठी आपण जंगलाचा एक मोठा तुकडा राखू शकतो. ऊदाचं घर तुकड्याच्या आकाराचं नाहीच, ते दोरीसारखं आहे. लांबच लांब आणि अरुंद. ती दोरी शेकडो शेतकऱ्यांच्या बांधाला लागून जाते. कुठेही कापली तरी तुटतेच.

आणि त्या काठाला आपल्या दप्तरात काय म्हणतात, ठाऊक आहे? सातबाराचा उतारा काढून बघा. पिकाखाली न येणाऱ्या अशा जमिनीला तिथे पोटखराबा म्हणतात. करंज, जांभूळ, उंबर, निगडी, केवडा असला सगळा संसार ज्या पट्टीत उभा असतो, तिची कागदावर नोंद 'खराब' अशी. ज्याला आपण खराब म्हणतो तेच कुणाचं तरी माजघर असतं.

तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात, अन्नमलईच्या डोंगरांत वालपराई नावाचं पठार आहे. १८९० नंतरच्या काळात तिथलं सदाहरित जंगल तोडून चहाचे मळे उभे राहिले. आज चहूबाजूंना राखीव जंगल आणि मधे चहा-कॉफीचं हिरवं गालिचासारखं पठार, सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं. त्या गालिचातून ओढे वाहतात. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासकांनी तिथले ओढे चालून काढले. काही जंगलातले, काही चहाच्या मळ्यातले, काही कॉफीच्या. छोट्या नखांच्या ऊदाची टपाल कुठे मिळते ते त्यांनी पाहिलं. त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला.

मळ्यांतल्या ओढ्यांत ऊद नसणार, असं आपल्याला वाटेल. पण तो होता! जंगलात होता, चहात होता आणि कॉफीतही होता. फरक होता तो वावरात. जंगलातल्या ओढ्यांवर त्याच्या खुणा दाट, मळ्यांतल्या ओढ्यांवर विरळ. आणि जिथे काठावर लपायला जागा होती, मोठे खडक होते, गवत होतं, तिथे त्याचं येणं-जाणं अधिक. म्हणजे ऊदाचं म्हणणं असं दिसतं, की तुम्ही चहा लावा, माझी हरकत नाही. पण ओढ्याच्या अंगावरचे कपडे काढू नका.

मला या अभ्यासाचं मोल वाटतं ते याच्यासाठी. 'माणूस आला की प्राणी संपला' हे आपण इतक्यांदा ऐकलं आहे, की त्यावर कुणाला काही करावंसंच वाटत नाही. इथे निकाल तसा एकतर्फी नाही. शेतकरी आणि ऊद एका ओढ्यावर नांदू शकतात, अट एवढीच की मधली पट्टी शिल्लक हवी.

आपल्या शेजारच्या गोव्यातच बघा ना. मांडवीच्या मुखाशी चोडण बेट आहे. डॉ. सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे तिथे. पण ऊद काही फक्त अभयारण्यात राहत नाही. तिथल्या खाजण शेतीत तो मजेत वावरतो. खाडीच्या कडेला मातीचे बांध घालून, मधे 'मानस' नावाची लाकडी झडपांची दारं ठेवून, खारं पाणी अडवून आत भात काढायचा आणि मासेही धरायचे, अशी ही शेकडो वर्षांची रीत. अभ्यासकांनी तिथे बांधांवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले, तर रात्री तेच बांध ऊदांच्या कुटुंबांचे रस्ते असल्याचं दिसलं. हे बांध माणसानं बांधले, माणसानंच पिढ्यान् पिढ्या डागडुजी करून टिकवले. म्हणजे ऊदाचं घर काही ठिकाणी शेतकऱ्यानं राखलं आहे असंच नव्हे, त्यानं ते घडवलंही आहे. खाजणाचा बांध फुटला, शेती पडीक पडली की भातही जातो आणि ऊदाची वाटही जाते.

तिकडे दूर सुमात्रा बेटावर, पश्चिम भागातल्या भातखाचरांतून छोट्या नखांचा ऊद हिंडतो. बांधांवर त्याची टपाल असते. खाचरांतले खेकडे आणि गोगलगायी तो खातो. कोकणातल्या श्रोत्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मेरेला भोकं पाडून कुणग्यातलं पाणी एका रात्रीत सोडून देणाऱ्या कुर्ल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आपल्याकडचा मोठा ऊद मुख्यतः मासे खातो हे खरं, पण कुर्ली समोर आली तर तोही सोडत नाही.

एवढं ऐकून शेतकरी म्हणेल, ऊदाचं हे कौतुक ठीक आहे, पण त्याचा त्रास कोण सोसणार? हा प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर पुस्तकातून देता येत नाही, म्हणून मी माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो.

आमची थोडी वडिलोपार्जित शेती एका व्हाळाच्या काठाला आहे. माझे थोरले भाऊ ती करतात. आम्ही त्यांना भाई म्हणतो. गेल्या काही पावसाळ्यांत व्हाळानं एका वळणावर आमच्या कुणग्याचा कोपरा खाल्ला. आता भाईंच्या मनात आहे की आमच्या हद्दीतला काठ जेसीबीनं साफ करून, सरळ करून, टोकापासून टोकापर्यंत सिमेंटची भिंत घालावी. जमिनीत माझाही हिस्सा, त्यामुळे संमतीच्या कागदावर माझीही सही हवी. शिवाय माझ्या पुतण्यानं शेततळं केलं आहे, त्यात मासे सोडले आहेत. दोनदा ऊदांनी त्या तळ्यावर रात्रीचं जेवण उरकलं. मी ऊदाची बाजू मांडू लागलो, तर पुतण्या म्हणाला, "चाचा, ऊद तुमच्या कवितेत बरा दिसतो, माझ्या तळ्यात नाही."

त्याचं काय चुकलं? बँकेचा हप्ता त्याला भरायचा आहे. ज्याचं नुकसान होतं त्याला 'निसर्गावर प्रेम कर' असं सांगणं सोपं असतं, विशेषतः सांगणारा निवृत्तीच्या वाटेवर असला तर. म्हणून मी प्रेमाची भाषा बाजूला ठेवली आणि हिशेबाची भाषा धरली.

तळ्याचा हिशेब सोपा आहे. तळं हे माणसानं वाढलेलं ताट आहे, त्यावर झाकण ठेवणं माणसाचंच काम. तळ्याभोवती मजबूत जाळी, तिची खालची कड जमिनीत पुरलेली, कारण ऊद उकरून आत येतो. खर्च होतो, पण एकदाच होतो. विष ठेवायचा खर्च कमी, मात्र ते विष ऊदापाशी थांबत नाही. कुत्रा मरतो, घार मरते आणि पाण्यात उतरलं तर व्हाळातलं सगळंच मरतं. आणि ऊद मारणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेही पुतण्याच्या कानावर घातलं.

भिंतीचा हिशेब जरा मोठा. व्हाळ सरळ केला, दोन्ही बाजूंनी सिमेंट केलं की पाण्याचा वेग वाढतो. वाढलेला वेग कुठे जातो? खालच्या शेजाऱ्याच्या जमिनीत. आज आमचा कोपरा वाचेल, उद्या त्याचा जाईल, मग तो भिंत घालील आणि परवा त्याच्या खालचा. अशानं सगळ्या व्हाळाचं गटार होतं. झाडं गेली की सावली गेली, सावली गेली की पाणी तापलं. पानगळ पाण्यात पडायची थांबली की तिच्यावर जगणारे किडे गेले, किड्यांवर जगणारे मासे गेले. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात, त्यांना थांबायला, अंडी घालायला निवाऱ्याची जागा उरत नाही. मे महिन्यात पाणी धरून ठेवणारे कोंड गाळानं भरतात. मग आपणच म्हणतो, पूर्वी व्हाळात मासे मिळायचे हो!

मी भाईंना म्हटलं, जिथे वळण आहे आणि माती खरोखर सुटते, तेवढ्यात दगडी पिचिंग करू, त्याला माझी सही आहे. बाकीच्या काठाला हात लावायचा नाही. उलट करंज आणि जांभूळ आणखी लावू, केवड्याची बेटं वाढू देऊ, मुळं माती धरतील. आणि काठापासून पाच-सहा पावलांची पट्टी सोडून द्यायची. तिथे नांगर नाही, तणनाशक नाही. भाई म्हणाले, "पाच पावलं म्हणजे किती भात, ते तुला कुठे ठाऊक?" मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मी ती माझ्या हिश्श्यातून धरा म्हणालो. ते अजून हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत. कागद कपाटात आहे.

श्रोतेहो, काठाची ही पाच पावलं काही माझ्या मनातून निघालेली नाहीत. ब्राझीलसारख्या शेतीप्रधान उष्ण देशात कायद्यानं काठ राखायला लावला आहे. तिथल्या नद्यांतही ऊद आहेत. दहा मीटरपेक्षा कमी रुंदीच्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना तीस मीटर पट्टी राखावी, असा तिथला नियम. २०१२ साली तो कायदा नव्यानं आला, त्यावर मोठे वाद झाले आणि ज्यांनी आधीच काठ मोडला होता अशा अगदी छोट्या शेतकऱ्यांना किमान पाच मीटर पट्टी पुन्हा उभी करण्याची मुभा मिळाली. पाच मीटर पुरेसे आहेत का, यावर तज्ज्ञ भांडोत. पण काठ ही राखायची वस्तू आहे एवढं तरी त्या देशानं कागदावर मान्य केलं.

आपल्या देशातही एक चांगली सुरुवात झाली आहे. कर्नाटक सरकारनं २०१५ साली तुंगभद्रेचा ३४ किलोमीटरचा पट्टा ऊदासाठी संरक्षित केला. धरणाच्या खालच्या मुदलापूरपासून कंपलीच्या पुलापर्यंत. हंपीचे ते प्रचंड धोंडे याच पट्ट्यात आहेत. दोन्ही काठांना भात, केळी, ऊस. म्हणजे हे निर्मनुष्य जंगल नाही, गजबजलेला शेतीचा मुलूख आहे. केवळ ऊदासाठी राखलेला देशातला हा पहिला पट्टा. अर्थात फलक लागला म्हणून सुरुंग लावून मासे मारणारा थांबतो असं नाही. पण तक्रार करणाऱ्याच्या हातात आता एक कागद आहे.

सुरुंगाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडे पूर्वी गेळफळ ठेचून डोहात टाकत, मासे गुंगून वर येत. आता त्या जागी ब्लीचिंग पावडर आली, कीटकनाशकाची बाटली आली, बॅटरीचा करंट आला. उन्हाळ्यात पंप लावून व्हाळ उपसला जातो, दोन-चार कोंडांत पाणी उरतं आणि साऱ्या माशांचा, साऱ्या ऊदांचा जीव त्यात गोळा होतो. तिथेच कुणीतरी पावडर ओततो. एका संध्याकाळच्या कालवणासाठी पुढच्या वर्षाचे मासे आजच मारायचे! आमचे अब्बा सांगत, वाहत्या पाण्याशी वुझू करायला बसलात तरी पाणी मोजून घ्या. पाणी पुष्कळ आहे म्हणून उधळायचं नसतं, ही ती शिकवण. मग आटलेल्या पाण्याशी कसं वागावं, हे काय सांगायचं?

शेतातलं विष ऊदापर्यंत कसं पोचतं, याचा धडा इंग्लंडनं फार महाग घेतला. बियाण्याला चोळायला आणि मेंढ्या धुवायला १९५० नंतर तिथे डिल्ड्रिनसारखी औषधं सर्रास वापरात आली. शेतातून ओढ्यात, ओढ्यातून माशांत, माशांतून ऊदात असं ते विष साठत गेलं आणि पाहता पाहता बहुतेक नद्यांतून ऊद नाहीसा झाला. पुढे त्या औषधांवर बंदी आली, नद्या स्वच्छ झाल्या आणि ऊद हळूहळू परतला. इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात तो पुन्हा आहे, हे जाहीर व्हायला २०११ साल उजाडलं. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानवर बंदी घातली. केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवर हेच औषध वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून फवारलं गेलं होतं. तिथे विषाची किंमत माणसांच्या मुलांनी मोजली. ऊदाचं पाणी आणि आपलं पाणी वेगळं नाही, हे समजायला याहून मोठा दाखला नको.

परत येण्यावरून आणखी एक आठवलं. सिंगापूरमध्ये शेती जवळजवळ नाहीच, नुसतं शहर. पण तिथे एका बागेच्या कडेनं जाणारा सिमेंटचा कालवा फोडून, त्याची २०१२ साली पुन्हा वळणावळणाची, गवताळ काठांची नदी केली. पुढच्या काही वर्षांत तिथे ऊदाचं कुटुंब राहायला आलं. आपल्यासारखाच गुळगुळीत कातडीचा ऊद. त्यांनी सिमेंट घालून पाहिलं आणि मग पैसे खर्चून काढलं. आपण निदान घालण्याआधी तरी विचार करावा.

आता जातकातल्या त्या कोल्ह्याकडे येतो. मासेमारी करणारा म्हणतो, ऊद माझे मासे खातो. ऊदाला बोलता आलं असतं तर त्यानंही तसंच म्हटलं असतं. त्यांचं हे भांडण चालू असताना मधला तुकडा घेऊन कोण जातो? रात्री ट्रक लावून वाळू उपसणारा जातो. डोंगर कापून त्याची माती व्हाळात लोटणारा जातो. कारखान्याचं पाणी गुपचूप सोडणारा जातो. मासे कमी झाले ते ऊदानं खाऊन नव्हे. ऊद आणि मासे हजारो वर्षं एका पाण्यात आहेत, तेव्हा नाही कमी झाले! बांगलादेशात नडाइल भागात तर मच्छीमार ऊद पाळत आले आहेत. ऊद मासे हुसकावून जाळ्याकडे आणतो आणि त्याचा वाटा त्याला मिळतो. भांडण मिटवायला तिथे कोल्ह्याची गरज पडत नाही.

तर माझं मागणं फार मोठं नाही. व्हाळाकाठी, पऱ्याकाठी, नदीकाठी ज्यांची जमीन आहे, त्यांनी पाच पावलं सोडावीत. तेवढ्या पट्टीत विळा-कोयता चालवायचा तो गरजेपुरता, आग लावून साफ करायची नाही. फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे ओढ्यात धुवायचे नाहीत. उन्हाळ्यात निदान एक कोंड गावानं ठरवून राखावा, तिथे पंप नाही, पावडर नाही, करंट नाही. अशा पाण्यात देवाचे मासे म्हणून मासे राखायची रीत आपल्याकडे काही गावांत आजही आहे, ती आपल्याला नवी नाही. आणि ग्रामसभेत नाला सरळ करायचा, भिंत घालायचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एकच विचारावं: सगळीकडेच कशाला? जिथे माती सुटते तिथे घाला, बाकी काठ राहू द्या.

ऊद दिसला नाही तरी चालेल. मी स्वतः तो फार वेळा पाहिलेला नाही. सकाळी खडकावर खवल्यांनी भरलेली ओली टपाल दिसली, की समजावं, वर कुठेतरी पाणी आहे, पाण्यात मासे आहेत आणि काठ अजून शाबूत आहे.

आमचे भाई नेमानं रेडिओ ऐकतात. आजही ऐकत असतील. भाई, कपाटातला तो कागद बाहेर काढाल तेव्हा माझ्या नावापुढे सही हवी असेल, तर त्याच्यावर आधी दोन ओळी लिहा. वळणावर भिंत, बाकी काठ तसाच. मी लगेच येतो.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)